एच-इंडेक्स ३१ की १३? न्यूरोफार्माकॉलॉजीतला गाईड निवडताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एम.फार्म. झालंय, न्यूरोफार्माकॉलॉजीत, म्हणजे मेंदूवरच्या औषधांच्या शास्त्रात, पीएचडी करायची आहे, राहता डोंबिवलीला. मुंबईतले दोन गाईड तुम्हाला घ्यायला तयार आहेत. एका सरांचे १८ वर्षांत १४२ पेपर, ४,१०० सायटेशन (म्हणजे इतर पेपरांत झालेले उल्लेख), एच-इंडेक्स ३१. दुसऱ्या मॅडमचे ११ वर्षांत २९ पेपर, ८७० सायटेशन, एच-इंडेक्स १३. घरचे म्हणतात, यात विचार करण्यासारखं आहे काय? आणि तुम्ही विचारताय, हे आकडे किती मनावर घ्यायचे?

मी तीसेक वर्षं मुंबईत औषधशास्त्र शिकवलं, मेंदूवर काम करणाऱ्या औषधांवरच संशोधन केलं, आणि निवड समित्यांवर बसून असे आकडे ढिगाने पाहिले. म्हणून आधी कबुली देते. समितीत असताना माझीही पहिली नजर आकड्यावरच जायची. साठ अर्ज आणि एक दुपार, एवढंच हातात असलं की दुसरं काय करणार? पण तुमच्यासमोर दोनच नावं आहेत आणि महिनाभराचा वेळ आहे. आमच्या घाईची पळवाट तुम्ही कशाला वापरायची?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत. कोणाचं नाव मोठं, हा पहिला. पुढची चार-पाच वर्षं कोणाकडे घालवली तर मला प्रयोग स्वतः आखता येईल, फसला तर का फसला ते शोधता येईल आणि पेपर स्वतः लिहिता येईल, हा दुसरा. घरचे पहिल्याचं उत्तर देताहेत, तुम्हाला हवंय दुसऱ्याचं. गंमत म्हणजे दुसऱ्याचं उत्तरही गाईडच्या गुगल स्कॉलरच्या (पेपर आणि त्यांची सायटेशन दाखवणाऱ्या गुगलच्या सेवेच्या) पानावर बरंचसं असतं, फक्त ते उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत नसून खालच्या यादीत असतं. ती यादी वाचायची कशी, तेच मी सांगणार आहे.

आधी आकड्याचं बघू. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावले, तर ज्या क्रमांकापर्यंत प्रत्येक पेपरला निदान तेवढी सायटेशन आहेत तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. सरांचे ३१ पेपर असे आहेत की प्रत्येकाचा उल्लेख किमान ३१ वेळा झालाय. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ही कल्पना मांडली. त्याच लेखात त्यांनी जीवशास्त्रातल्या मोठ्या आकड्यांची यादी दिली होती आणि तिच्यात पहिलं नाव आपल्या विषयातलं होतं: सॉलोमन स्नायडर, १९१. भौतिकशास्त्रात सर्वांत वर होते एडवर्ड विटन, ११०. म्हणून विटन स्नायडरपेक्षा कमी प्रतीचे, असं कोणी म्हणणार नाही. जीवशास्त्रात माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपराच्या शेवटी संदर्भांची यादी लांबलचक. आकडे आपोआप चढतात. हाच फरक आपल्या विषयाच्या आतही लागू पडतो. अल्झायमर किंवा नैराश्यावर लिहिलं की गर्दीत उभं राहिल्यासारखं असतं, येणारा-जाणारा धक्का देतोच. अपस्माराच्या एखाद्या दुर्मीळ प्रकारावर काम करणाऱ्याला वर्षाला चार जण वाचतात आणि ते चारही जण कामाचे असतात.

मग वर्षांचा हिशेब. एच-इंडेक्स कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त होऊन पुण्यात बागकाम करत बसला तरी तो वाढत राहतो. हिर्श यांनीच सुचवलं होतं की त्याला कारकिर्दीच्या वर्षांनी भागून पाहावं. सरांचे ३१ भागिले १८, म्हणजे १.७. मॅडमचे १३ भागिले ११, म्हणजे १.२ च्या आसपास. फरक उरतोच, पण "३१ की १३" म्हणताना जी दरी दिसत होती ती राहत नाही. पेपरामागे सरासरी सायटेशन काढली तर सरांची २९ आणि मॅडमची ३०. इथे बरोबरी झाली! म्हणजे कोणता भागाकार करायचा यावर कोण जिंकलं ते ठरतं. असं झालं की मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवते.

आकडा कुठून घेतला तेही विचारा. गुगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकातली प्रकरणं, प्रीप्रिंट (तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले मसुदे) सगळं मोजतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या नोंदसूची निवडक नियतकालिकंच मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा सहसा कमी येतो. एकाचा गुगलचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणारे महाभाग मी समितीतही पाहिलेत.

नावांचा घोळ हा आपल्याकडचा खास आजार. "एस. पाटील" किंवा "ए. जोशी" या नावाने जगात किती जण पेपर लिहीत असतील, विचार करा. गुगल स्कॉलर दुसऱ्याच पाटलांचे, अगदी सिव्हिल इंजिनीअरिंगमधलेही पेपर तुमच्या खात्यात आणून टाकतं आणि काही जण ते काढायची तसदी घेत नाहीत. उलट दिशेचा घोळ बायकांच्या वाट्याला येतो. माझे पहिले सहा पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, बाकीचे सासरच्या. पोस्टाने रिप्रिंट मागवायच्या काळात याने काही बिघडत नव्हतं, संगणकाने मात्र माझ्या दोन बाया करून टाकल्या. २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, तो घेतला असेल तर हा प्रश्न सुटतो. मॅडमचे २९ पेपर मोजताना एवढं तपासा की ते खरोखर २९च आहेत का. नसतील तर तुमचं सगळं गणितच बदलेल.

आता खरा मुद्दा. सायटेशन कशासाठी मिळालं?

जगात सर्वाधिक उल्लेख झालेला पेपर कोणता, माहीत आहे? १९५१ सालचा ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा, द्रावणातलं प्रथिन मोजायची पद्धत सांगणारा. २०१४ च्या मोजणीत त्याची सायटेशन तीन लाखांच्या वर गेली होती. तुम्ही एम.फार्म.ला उंदराच्या मेंदूचं होमोजिनेट करून निळा रंग यायची वाट पाहिली असेल ना, तेच हे लॉरी. ते स्वतः औषधशास्त्राच्या विभागाचे प्रमुख होते आणि मेंदूच्या रसायनशास्त्रात त्यांनी याहून फार खोल काम केलं. हा पेपर काही थोर नाही, असं त्यांचं स्वतःचंच मत होतं. ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे मेंदूतलं एन्झाइम मोजायची एलमन यांची १९६१ ची पद्धतही तशीच. स्मरणशक्तीवर काम करणारी कुठलीही प्रयोगशाळा तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाही. पद्धतीचे पेपर हत्यारासारखे असतात, ज्याला लागतं तो उचलतो. त्याखालोखाल रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे लेख. लोकांना प्रस्तावनेत पाच ओळी लिहायच्या असतात, मूळ वीस पेपर वाचण्यापेक्षा एक रिव्ह्यू सोयीचा पडतो.

माझंच उदाहरण घ्या. माझा सगळ्यांत जास्त सायटेशन मिळालेला लेख हा एक रिव्ह्यू आहे. गणपतीच्या सुट्टीत दोन विद्यार्थ्यांना घेऊन लिहिला, त्यात आमचा स्वतःचा एकही प्रयोग नाही. ज्या कामावर मी तीन वर्षं घालवली ते वेगळंच. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध दिलेला उंदीर आडव्या दांडीवर पुढचे पाय ठेवले की पुतळ्यासारखा तसाच राहतो. किती सेकंद राहतो, सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या कोणत्या रिसेप्टरला (ते पेशीवर जिथे चिकटतं त्या जागेला) हात लावला की तो लवकर उतरतो, हे आम्ही डोस बदलून बदलून मोजलं. त्या पेपरला आजवर नऊ सायटेशन आहेत. पण त्यातल्या एका गटाने आमचे डोस जसेच्या तसे घेऊन प्रयोग पुन्हा केला आणि आमचा एक निष्कर्ष त्यांना तसा मिळाला नाही. त्यांचा तो पेपर मी आजही जपून ठेवलाय. कोणीतरी आपलं काम इतकं मनावर घेतलं की ते पुन्हा करून पाहिलं, याहून मोठी दाद मला कुठे मिळाली नाही.

म्हणून मी सायटेशनचे माझ्यापुरते दोन भाग करते: गर्दीतली आणि हाताशी धरलेली. "नैराश्य हा गंभीर आजार आहे" या वाक्याशेवटी बारा ते एकोणीस असे आठ संदर्भ एकदम ठोकलेले असतात, त्यातला एक आपला असला तर ती गर्दी. "अमुक यांच्या पद्धतीने आम्ही डोस ठरवला" किंवा "अमुक यांच्या निष्कर्षाशी आमचा मेळ बसत नाही", असं लिहिलं असेल तर ती हाताशी धरलेली. हे कुठलाही इंडेक्स सांगत नाही, वाचावं लागतं. एका संध्याकाळचं काम आहे. दोघांचे सर्वांत जास्त सायटेशनवाले तीन-तीन पेपर घ्या. त्यांतले रिव्ह्यू किती, स्वतःचे प्रयोग किती, ते बघा. मग प्रत्येकाखालच्या "साइटेड बाय"वर जाऊन दहा पेपर उघडा आणि ज्या वाक्यात उल्लेख झालाय तेवढंच वाक्य वाचा. उल्लेख करणाऱ्यांत दर तिसरं नाव सरांच्याच जुन्या विद्यार्थ्याचं किंवा खुद्द सरांचंच येत असेल तर तेही तुमच्या लक्षात येईल. स्वतःचा उल्लेख करणं हा गुन्हा नाही, सलग काम करणारा माणूस मागच्या पेपराचा हात धरूनच पुढे जातो. फक्त बाहेरचंही कोणी दार ठोठावतंय का, ते बघायचं.

नियतकालिकाच्या नावाबद्दल एक गोष्ट सांगते, ती मुंबईतल्या प्रत्येक औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावी असं मला वाटतं. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेवर लिहिलं, की हे वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालणारं भारतीय औषध आहे. लेख छापला गेला "इंडियन मेडिकल वर्ल्ड"मध्ये. बाहेरच्या जगाने त्याची जवळजवळ दखलच घेतली नाही. १९४९ मध्ये आपल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी त्याच सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव "ब्रिटिश हार्ट जर्नल"मध्ये लिहिला आणि मग चक्रं फिरली. १९५२ ला स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं गेलं, १९५४ ला नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचं लिहिलं, १९५५ ला कळलं की त्याने मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं होतं. १९५७ मध्ये आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने गळाठलेल्या प्राण्यांना डोपा (ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते द्रव्य) दिलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. "नेचर"मधली ती जेमतेम एक पानाची नोंद. तिथून डोपामिनची आणि पार्किन्सनवरच्या औषधाची वाट निघाली, २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. डॉ. वकील यांना १९५७ चं लास्कर हे वैद्यक संशोधनाचं पारितोषिक मिळालं होतं.

आता सांगा, १९३१ च्या लेखाचा दर्जा १९४९ च्या लेखापेक्षा कमी होता म्हणून तो मागे पडला का? मुळात तो कोणाच्या टेबलावर पोचलाच नाही. नियतकालिक पेपराला वाचकांपर्यंत नेतं, त्याच्या खरेपणाची हमी देत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे तरी काय? मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या. थोडे लेख भरपूर खेचतात, बाकीचे त्यांच्या जिवावर मिरवतात. २०१३ साली जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को घोषणेत अनेक संस्थांनी सही करून सांगितलं की एकेका शास्त्रज्ञाला या फूटपट्टीने मोजू नका. आपल्याकडच्या मुलाखतींत अजून पहिला प्रश्न तोच असतो, ते सोडा. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं मात्र वेगळी काढा. यादीत ती दिसली तर मी गाईडला थेट विचारेन.

सरांचे १४२ पेपर म्हणजे वर्षाला जवळपास आठ. हे शक्य आहे, मोठी प्रयोगशाळा असेल तर नक्कीच शक्य आहे. पण मथळे ओळीने वाचा. आपल्याकडे एक साचा फार चालतो: अमुक वनस्पतीचा अर्क, स्कोपोलामाइनने स्मरणशक्ती बिघडवलेले उंदीर, एक भूलभुलैया, शेवटी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचे तीन-चार मापदंड. पुढच्या पेपरात वनस्पती बदलते, स्कोपोलामाइनच्या जागी ॲल्युमिनियम क्लोराइड येतं, निष्कर्ष तोच, "आशादायक परिणाम". वनस्पतींवर काम करू नये असं मी म्हणत नाही, सर्पगंधेची गोष्ट सांगून तसं म्हटलं तर शोभणार नाही. सर्पगंधेत पुढे काय झालं ते पाहा: रेणू सापडला, तो कुठे काम करतो ते सापडलं. साच्यातल्या पेपरांत पहिल्या पायरीवरच दहा-दहा वर्षं मुक्काम असतो. दुसरी खूण, त्याच ४८ उंदरांचं वर्तन एका पेपरात, यकृत-मेंदूचं रसायन दुसऱ्यात, मेंदूचे काप तिसऱ्यात. याला सलामी स्लाइसिंग म्हणतात आणि बढतीच्या गुणांसाठी पेपर मोजायला लागल्यापासून ते वाढलंय. एकदा मीही केलंय. विभागातल्या एका सहकाऱ्याच्या बढतीला एक पेपर कमी पडत होता, म्हणून चांगल्या एका पेपराचे दोन केले. दोन्ही लंगडे झाले.

लेखकांचा क्रम हा माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाचा भाग. आपल्या विषयात पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं ज्याची प्रयोगशाळा त्याचं. सरांचं नाव १४२ पैकी किती ठिकाणी शेवटी आहे आणि किती ठिकाणी मधेच कुठेतरी, ते मोजा. मधली नावं सहकार्याची असतात, कधी मनापासूनची, कधी नुसती सौजन्याची. मग शेवटी नाव असलेले पेपर घ्या आणि पहिली नावं एका कागदावर लिहून काढा. वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची नावं येतात का? एकेकाचे दोन-तीन तरी पेपर पहिल्या नावाने झालेत का? की पहिलं नावही बहुतेक वेळा सरांचंच? आणि ज्याच्या प्रबंधातून पेपर निघाला तो मुलगा तिसऱ्या नंबरावर तर नाही ना? मॅडमच्या २९ पेपरांतही हेच करा. शोधगंगा हा पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा उघडून त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधा. नोंदणी कधीची आणि पदवी कधीची, हे बऱ्याचदा पहिल्या काही पानांवरच सापडतं. चार वर्षं की आठ, हा फरक गाईडच्या कोणत्याही इंडेक्सपेक्षा तुमच्या आयुष्यावर जास्त परिणाम करेल.

वर स्नायडर यांचं नाव आलंय म्हणून सांगते. १९७३ साली त्यांच्या प्रयोगशाळेतून मेंदूतल्या ओपिएट रिसेप्टरचा (अफूसारखी औषधं जिथे चिकटतात त्या जागेचा) पेपर "सायन्स"मध्ये आला, त्यावर पहिलं नाव होतं कँडेस पर्ट यांचं. त्या तेव्हा विद्यार्थिनी होत्या. १९७८ चं लास्कर पारितोषिक मात्र स्नायडर, ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मिळालं, पर्ट वगळल्या गेल्या. त्यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली आणि तो वाद वर्षानुवर्षं चालला. तरीही आज आपण त्यांचं नाव घेऊ शकतो, कारण पेपरावर ते पहिलं होतं. तुमचं नाव कुठे येणार, हे पहिल्याच महिन्यात विचारायला लाजू नका.

सायटेशन म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे, याचंही एक उदाहरण लक्षात ठेवा. २००२ साली "सायन्स"मध्येच एक पेपर आला की एक्स्टसी या नशेच्या गोळीच्या एका रात्रीच्या डोसने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची हानी होते. जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी त्याच गटाने तो मागे घेतला, कारण बाटल्यांवरची लेबलं बदलली गेली होती आणि जवळजवळ सगळ्या प्राण्यांना प्रत्यक्षात मेथॲम्फेटामिन दिलं गेलं होतं. चूक जाहीर करून पेपर मागे घेणाऱ्याला मी वाईट म्हणत नाही. पण "नेचर"मधला २००६ चा अल्झायमरवरचा एक गाजलेला पेपर मागे घ्यायला २०२४ उजाडलं, तोवर त्याला दोन हजारांवर सायटेशन मिळाली होती. म्हणून दोघांचीही नावं "रिट्रॅक्शन" शब्दासोबत एकदा शोधून पाहा, पाच मिनिटं लागतात.

"जगातील टॉप दोन टक्के शास्त्रज्ञ" या यादीबद्दल तुमच्या घरच्यांनी विचारलंय, सरांच्या कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागलाय म्हणे. ती यादी खोटी नाही. त्यात दोन तक्ते असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा, दुसरा फक्त एका वर्षाचा, आणि स्वतःची सायटेशन वगळून काय होतं तेही दिलेलं असतं. फ्लेक्सवर कोणता तक्ता ते सहसा लिहीत नाहीत. फोटो मात्र मोठा असतो.

एवढं सगळं सांगूनही उत्तर तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून राहतं. पीएचडीनंतर परदेशी पोस्टडॉक करायचं असेल तर मोठ्या नावाच्या गाईडचं शिफारसपत्र वाचलं जातं, हे मी नाकारणार नाही. सरांचे जुने विद्यार्थी तिकडे गेलेत का ते बघा. कंपनीच्या संशोधन विभागात जायचं असेल तर तिथे तुमचा एच-इंडेक्स कोणी विचारत नाही, रक्तातलं आणि मेंदूतलं औषध एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजता येतं का आणि नोंदवह्या नियमानुसार ठेवता का, हे विचारतात. कॉलेजात शिकवायचं असेल तर पेपरांची संख्या कामी येते, आवडो न आवडो. मग अ‍ॅनिमल हाऊस, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायची जागा. मॅडमच्या संस्थेत स्वतःचं आहे की दुसरीकडे जावं लागतं? प्राण्यांच्या नैतिक समितीची बैठक वर्षातून किती वेळा होते? प्रोटोकॉल मंजूर व्हायला सहा महिने लागले तर शिष्यवृत्तीतले सहा महिने गेले.

आणि डोंबिवली. हसू नका. फोर्स्ड स्विम टेस्ट या नैराश्यावरच्या औषधांच्या चाचणीत रॅटला (मोठ्या उंदराला) पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं पोहायला लावतात आणि बरोबर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांची खरी मोजणी. जुलैतल्या एका पावसात आमचा पहिला दिवस झाला, रात्रीत कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी मोजणारा मुलगा पोचलाच नाही. सगळी बॅच वाया गेली, आणि ते जीव फुकट वापरले गेले याची टोचणी वेगळीच. त्यानंतर मी पावसाळ्यात अशा टेस्ट ठेवणं बंद केलं. रोज सकाळी आठला डोस द्यायचा असेल तर सरांच्या आणि मॅडमच्या प्रयोगशाळेतला गाडीचा फरक किती, हे गंभीरपणे मोजा.

तुम्ही दिलेल्या माहितीवर माझा कल विचाराल, तर थोडासा मॅडमकडे झुकतो. पेपरामागे सायटेशन सारखीच आहेत, त्यांची कारकीर्द चढती आहे, आणि २९ पेपरवाल्या गाईडला तुमचा प्रत्येक मसुदा स्वतः वाचायला वेळ असण्याची शक्यता जास्त. पण हा कल यादी न वाचता बनलेला आहे. सरांच्या यादीत पहिल्या नावावर दहा वेगवेगळे विद्यार्थी निघाले, ते चार-पाच वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडलेले दिसले आणि बाहेरच्या गटांनी त्यांच्या पद्धती उचललेल्या आढळल्या, तर मी लगेच मत बदलेन आणि तुम्हीही बदला.

यादी वाचून झाली की दोन्ही ठिकाणी एकदा प्रत्यक्ष जा. गाईडच्या केबिनमध्ये नव्हे, प्रयोगशाळेत. दुपारी चारच्या चहाला, तेव्हा डोस देऊन झालेले असतात आणि मुलं मोकळी बोलतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या कोणाला तरी विचारा, की शेवटचा प्रयोग फसला तेव्हा नक्की काय झालं होतं. ती गोष्ट तो रंगवून सांगायला लागला तर तिथे एक कप चहा अजून घ्या. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला, तर डोंबिवलीची गाडी पकडा. आणि हे सगळं विद्यापीठाच्या पेटच्या, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षेच्या, निकालाआधी उरका, नंतर घाई करावी लागू नये.